होंडा सिव्हिकची पहिली पिढी (१९७२ ते १९७९): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिव्हिक म्हणजे ती लांबलचक सेडानच ना? मग ती सत्तरच्या दशकातली कशी?

हा गोंधळ आपल्याकडेच जास्त होतो, कारण भारतात सिव्हिक आली ती थेट २००६ मध्ये. ती आठव्या पिढीची होती, ऐसपैस आणि महागडी. इथे जिच्याबद्दल लिहिलं आहे ती तिची कितवीतरी पणजी. लांबी जेमतेम ३.४ मीटर, रुंदी दीड मीटर. मारुती ८०० शेजारी उभी केली तर वीतभरही मोठी भरणार नाही.

जपानमध्ये ती ११ जुलै १९७२ रोजी जाहीर झाली. आधी दोन दरवाजांची आली. मागची काच आणि डिकीचं झाकण एकत्र वर उचलणारी तीन दरवाजांची गाडी सप्टेंबरात आली, आणि लोकांच्या लक्षात राहिली ती हीच. चार दरवाजांची, पाच दरवाजांची, स्टेशन वॅगन अशी भावंडं पुढच्या काही वर्षांत जन्मली. १९७९ च्या जुलैमध्ये दुसरी पिढी आली आणि हा अध्याय संपला.

होंडा तर मोटारसायकलवाली कंपनी. मोटारींच्या भानगडीत पडली कशी?

घाईघाईत पडली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या व्यापार खात्याला देशात मोटार बनवणाऱ्या कंपन्यांची गर्दी नको होती. नव्यांना दार बंद करणारा कायदा आणायचं चाललं होतं. कंपनीचे संस्थापक सोइचिरो होंडांचं डोकं फिरलं. दार बंद व्हायच्या आत पाय आत ठेवायचा म्हणून १९६३ मध्ये कंपनीने टी३६० हा छोटा ट्रक आणि एस५०० ही छोटी स्पोर्ट्‌स कार बाजारात आणली. गंमत म्हणजे तो कायदा कधी मंजूरच झाला नाही.

१९६७ ची एन३६० मात्र तुफान चालली. पण वेगात गाडी स्थिर राहत नाही अशा तक्रारी झाल्या, प्रकरण वर्तमानपत्रांत आणि कोर्टकचेरीत गाजलं, खप घसरला. त्यातच १९६९ ची होंडा १३०० आपटली. म्हणजे १९७० च्या सुमारास मोटारसायकलींत जगात पहिला नंबर असलेल्या या कंपनीचं मोटारींचं दुकान चालणार की बंद होणार, याची शंका कंपनीच्याच लोकांना येत होती. सिव्हिक ही भरभराटीच्या काळात सुचलेली गाडी नाही, हे आधी ध्यानात घ्यायला हवं.

होंडा १३०० इतकी वाईट होती का?

वाईट नव्हती, विक्षिप्त होती. १२९८ सीसीच्या इंजिनातून १०० हॉर्सपॉवर, चार कार्ब्युरेटरच्या मॉडेलमध्ये त्याहूनही जास्त. त्या काळी एवढ्या इंजिनातून इतकी ताकद काढणं हे अचाट काम होतं. घोडं अडलं होतं ते इंजिन थंड करण्याच्या पद्धतीवर.

सोइचिरो होंडांचा पाण्यावर विश्वास नव्हता. रेडिएटर गळतो, पाइप फुटतो, पंप बिघडतो. त्यांचं म्हणणं असं की शेवटी ते पाणीसुद्धा हवेनेच थंड करता ना, मग मधला दलाल कशाला? सरळ हवाच वापरा. ऐकायला एकदम पटतं. मोटारसायकलीत ते चालतंही, कारण इंजिन उघड्यावर असतं आणि वारा फुकट मिळतो. मोटारीत इंजिन बोनेटखाली कोंडलेलं. तिथे हवा पोचवायला १३०० च्या इंजिनाला दुहेरी भिंती केल्या, पंखा बसवला, तेलाची वेगळी टाकी दिली. साधेपणासाठी निवडलेली पद्धत साध्या पाण्याच्या इंजिनापेक्षा गुंतागुंतीची, जड आणि महाग होऊन बसली. पुढचं टोक इतकं जड झालं की वळणावर गाडी वळायला कुरकुर करायची आणि पुढचे टायर भराभर झिजायचे.

याच हट्टाची दुसरी बाजू फार वाईट आहे. हवेने थंड होणारं इंजिन लावलेली आरए३०२ ही शर्यतीची गाडी होंडाने १९६८ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरवली. संघाचा मुख्य चालक जॉन सर्टीस याने ती चालवायला नकार दिला होता. ७ जुलै १९६८ रोजी फ्रान्समधल्या रूआँ इथे तिला अपघात होऊन आग लागली आणि जो श्लेसर हा चालक मृत्युमुखी पडला.

मग होंडांनी पाण्याचं इंजिन मान्य केलं कसं?

मला विचाराल तर सिव्हिकचा खरा जन्म या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

संशोधन विभागातल्या तरुण इंजिनिअरांना, त्यात तादाशी कुमेही होते, केव्हाच कळून चुकलं होतं की धूर स्वच्छ करायचा तर इंजिनाचं तापमान काटेकोर सांभाळावं लागणार आणि ते हवेने जमणार नाही. पण सांगणार कोणाला? समोर कंपनीचा संस्थापक, नावाची पाटी त्याचीच, आणि रागावला की हातातलं हत्यार भिरकावणारा माणूस अशी ख्याती. ते शेवटी ताकेओ फुजिसावांकडे गेले.

फुजिसावा हे नाव आपल्याकडे फारसं कोणी घेत नाही, पण होंडा कंपनीचा व्यवहार १९४९ पासून हाच माणूस बघत होता. होंडा यंत्रं बनवायचे, फुजिसावा विकायचे, पैसे उभे करायचे, बँका सांभाळायचे. एकमेकांच्या प्रांतात ढवळाढवळ करायची नाही असा दोघांचा अलिखित करार. तो करार फुजिसावांनी या एका वेळी मोडला. त्यांनी होंडांना एकच प्रश्न केला: तुम्हाला या कंपनीत अध्यक्ष म्हणून राहायचंय की इंजिनिअर म्हणून? होंडा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, अध्यक्ष म्हणूनच राहायला हवं. मग पोरांना पाण्यावर काम करू द्याल ना? देतो.

बास, एवढंच. घरातल्या म्हाताऱ्याने हट्ट सोडला की घराला कसं हायसं वाटतं, तसं त्या प्रयोगशाळेला वाटलं असेल. १९७१ ची लाइफ ही छोटी गाडी पाण्याच्या इंजिनाची निघाली, आणि पाठोपाठ सिव्हिक.

सिव्हिकचा आराखडा कोणाचा?

एका माणसाचा नाही. प्रकल्पाची धुरा हिरोशी किझावा यांच्याकडे होती. काम सुरू करताना अनुभवी मंडळींचा एक गट आणि तरुणांचा दुसरा असे दोन गट पाडले आणि गाडी कशी हवी ते स्वतंत्रपणे ठरवायला सांगितलं. दोन्ही गटांची उत्तरं जवळजवळ सारखी निघाली: आखूड, हलकी, आतून मोकळी, आणि जगात कुठेही चालेल अशी. सगळ्या गाडीने रस्त्याची साधारण पाच चौरस मीटर जागा अडवावी, त्याहून जास्त नको.

त्या वेळी जपानी खरेदीदाराला गाडी म्हणजे पुढे बोनेट, मध्ये केबिन, मागे डिकी, आणि जमल्यास भरपूर क्रोम असं हवं असायचं. शेजाऱ्याची टोयोटा कोरोला किंवा निसान सनी तशीच असायची. सिव्हिक मागून कापून टाकल्यासारखी. समोरून पाहिली तर खाली रुंद, वर निमुळती, चारही चाकं चार कोपऱ्यांत. देखणी नाही म्हणता येणार, पण तुरुतुरु पळणाऱ्या पोरासारखी लोभस दिसते.

तांत्रिक माहिती थोडक्यात मिळेल का?

सुरुवातीचं इंजिन ११६९ सीसी, चार सिलिंडर, आडवं बसवलेलं, ताकद ६० हॉर्सपॉवर. ओढ पुढच्या चाकांना. चार गिअर. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, जे या किमतीच्या गाडीत तेव्हा सहसा मिळत नसे. चाकं १२ इंची. जपानमधल्या साध्या मॉडेलचं वजन ६०० किलोच्या आसपास, म्हणून ६० हॉर्सपॉवर पुरून उरायची. अमेरिकेत पुढे १२३७ सीसीचं इंजिन आलं, आणि सीव्हीसीसी (कमी धूर सोडणारं इंजिन, त्याबद्दल पुढे) मॉडेलला १४८८ सीसीचं.

ही ब्रिटिश मिनीची नक्कल नाही का?

आडवं इंजिन आणि पुढच्या चाकांना ओढ ही मांडणी लोकप्रिय केली ती १९५९ च्या मिनीने, यात वाद नाही. सगळ्या जगानेच तिच्याकडून ती उचलली. पण मिनीत गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली, तेलाच्या त्याच टाकीत होता. सिव्हिकमध्ये तो इंजिनाच्या शेजारी, आपल्या वेगळ्या घरात. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांची मांडणी मिनीपेक्षा सिव्हिकच्या जवळची आहे. आपली मारुती ८०० सुद्धा त्याच पंगतीतली.

सीव्हीसीसी म्हणजे नेमकं काय? दर वेळी हे नाव येतं.

वाड्यात पाणी तापवायचा बंब ज्यांनी पेटवलाय त्यांना हे लगेच कळेल. थेट जाड लाकडाला काडी लावली तर ते पेटत नाही. आधी कागद आणि चिपाडं पेटवायची, त्या जाळावर लाकूड धरतं.

पेट्रोल आणि हवेच्या मिश्रणाचंही तेच. पेट्रोल जास्त असलेलं मिश्रण ठिणगीसरशी पेटतं, पण पुरेशी हवा नसल्याने अर्धवट जळतं आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड सोडतं. पेट्रोल कमी आणि हवा जास्त असलेलं मिश्रण स्वच्छ जळतं, पण ते पेटवणं कठीण. होंडाच्या इंजिनिअरांनी सिलिंडरच्या डोक्यावर आणखी एक छोटी खोली केली. स्पार्क प्लग त्या खोलीत. तिथे एका छोट्या जादा व्हॉल्व्हमधून पेट्रोलचं दाट मिश्रण यायचं आणि मोठ्या सिलिंडरात पातळ मिश्रण. ठिणगीने छोट्या खोलीतली चिपाडं पेटायची आणि त्या ज्वाळेने मोठ्या खोलीतलं लाकूड. एका सिलिंडरला तीन व्हॉल्व्ह ते यामुळे.

जळण सावकाश आणि बराच वेळ चालत असल्याने उरलेसुरले वायूही बाहेर पडण्याआधी जळून जायचे. शिवाय तापमानाचं टोक खाली राहायचं, म्हणून नायट्रोजनची ऑक्साइड्सही कमी. सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणारा महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवायची गरज नाही, शिशाचं पेट्रोल घाला नाहीतर बिनशिशाचं, इंजिनाला सारखंच.

दोन खोल्यांची कल्पना होंडाची नव्हे. हॅरी रिकार्डो या इंग्रज इंजिनिअरने ती कितीतरी आधी मांडली होती. ती रोजच्या गाडीत, स्वस्तात आणि हजारो किलोमीटर टिकेल अशी करून दाखवली, हे होंडाचं काम.

त्याची एवढी निकड का पडली होती?

कारण अमेरिकेने अशक्य वाटणारा कायदा केला होता. १९७० च्या अखेरीस मंजूर झालेल्या स्वच्छ हवा कायद्यात, ज्याच्यामागे सिनेटर एडमंड मस्की होते, गाड्यांच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन १९७५ पर्यंत तब्बल ९० टक्क्यांनी कमी करा असं म्हटलं होतं. नायट्रोजन ऑक्साइड्ससाठी आणखी एक वर्षाची मुदत. जपानमध्येही हवा धड नव्हती. १९७० च्या जुलैत तोक्योच्या सुगिनामी भागात शाळेच्या मैदानावर असलेल्या विद्यार्थिनींचे डोळे आणि घसे धुरक्याने जळजळू लागले आणि त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. त्यानंतर धूर हा विषय जपानी घराघरांत पोचला.

अमेरिकेतल्या तिन्ही बड्या कंपन्या (जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर) हे होणारच नाही म्हणून मुदतवाढ मागत होत्या. डिसेंबर १९७२ मध्ये मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बर इथे सरकारी प्रयोगशाळेत सीव्हीसीसी इंजिनाची चाचणी झाली आणि ते १९७५ च्या निकषांत बसलं. बड्यांना एप्रिल १९७३ मध्ये एका वर्षाची मुदतवाढ मिळाली ती मिळालीच, पण करता येत नाही या सबबीतली हवा गेली होती. टोयोटा, फोर्ड, क्रायस्लर आणि इसुझू यांनी होंडाकडून या तंत्राचा परवाना घेतला. मोटारी बनवायला लागून जेमतेम दहा वर्षं झालेल्या कंपनीकडून!

मोठ्या अमेरिकन गाडीवर होंडाने आपलं तंत्र बसवून दाखवलं, ही दंतकथा आहे का?

गाडी खरी आहे, तिच्याभोवतीचे संवाद मात्र सांगणाऱ्यागणिक बदलतात. छोट्या इंजिनात जमेल, आमच्या मोठ्या इंजिनांत कुठे, असा अमेरिकेत सूर होता. होंडाने शेव्हरोले इम्पाला ही आठ सिलिंडरची अगडबंब गाडी घेतली, तिच्या इंजिनाला सीव्हीसीसीची डोकी बसवली आणि १९७३ मध्ये तीही सरकारी प्रयोगशाळेत तपासून घेतली. निकाल त्यांच्या बाजूने लागला.

गाडी चालली ती तेलटंचाईमुळेच ना?

नशिबाने हात दिला, यात शंका नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं, अरब देशांनी तेल रोखलं, आणि काही महिन्यांत तेलाचा भाव चौपटीच्या घरात गेला. अमेरिकेत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. दारात बोटीएवढी गाडी असलेल्या माणसाला अचानक सिव्हिक शहाणपणाची वाटू लागली. जपानमध्ये सीव्हीसीसी सिव्हिक आली तीच मुळी डिसेंबर १९७३ मध्ये. याहून चांगला मुहूर्त कोणत्या पंचांगात सापडला नसता.

पण नुसतं नशीब म्हणणं अन्यायाचं होईल. तेल महाग व्हायच्या सव्वा वर्ष आधी गाडी बाजारात होती आणि जपानमधला वर्षातल्या सर्वोत्तम गाडीचा मान तिने तोवर मिळवलाही होता. पुढची दोन वर्षंही तो तिच्याकडेच राहिला. युरोपातल्या अशाच निवडीत १९७४ साली ती तिसरी आली. १९७६ च्या जुलैपर्यंत दहा लाख सिव्हिक तयार झाल्या होत्या.

अ‍ॅव्हरेज किती द्यायची?

हा प्रश्न विचारला नसता तर आपण मराठी कसले! अमेरिकन सरकार दरवर्षी कोणती गाडी किती पळते याची यादी काढतं. सीव्हीसीसी सिव्हिक त्या यादीत सलग चार वर्षं सगळ्यात वर होती.

आरएस मॉडेलबद्दल ऐकलंय. ती रेसिंग गाडी होती का?

१९७४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेली, दोन कार्ब्युरेटरची, ७६ हॉर्सपॉवरची, जरा चटपटीत सिव्हिक. आरएस म्हणजे ‘रोड सेलिंग’, रस्त्यावरचं शीड लावलेलं जहाज, असं कंपनीने सांगितलं. प्रदूषण आणि अपघातांवरून वातावरण तापलेलं असताना ‘रेसिंग’ हा शब्द तोंडातून काढायची सोय नव्हती. ऐकणाऱ्यांना काय समजायचं ते समजलं. धुराचे नवे नियम लागू झाल्यावर ही गाडी लगेचच बंद पडली, म्हणून आज जपानमध्ये तिला सोन्याचा भाव आहे.

क्लच नसलेली सिव्हिकही होती म्हणे?

होती. होंडामॅटिक. पूर्ण ऑटोमॅटिक नव्हे, दोनच टप्पे, आणि ते हाताने बदलायचे, फक्त क्लचचं पेडल नाही. शहरातल्या गर्दीत सोयीची, घाटात कंटाळवाणी.

हिच्यात खोट काहीच नव्हती?

गंज! पत्रा पातळ, आणि थंड प्रदेशात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. पुढची मडगार्डं दोन-तीन हिवाळ्यांत कुरतडल्यासारखी व्हायची. अमेरिकेत तक्रारी इतक्या वाढल्या की तिथल्या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी आयोगाने लक्ष घातलं आणि कंपनीला मडगार्डं बदलून द्यावी लागली. सुरुवातीच्या काही इंजिनांत हेड गॅस्केट (इंजिनाच्या डोक्याखालची सील) उडून इंजिन तापायच्या तक्रारीही होत्या. ज्या गाडीने पाण्याचं इंजिन मान्य करून घेतलं तिचंच पाणी उकळावं, हे ऐकून म्हातारे होंडा मनातल्या मनात हसले असतील का, असं मला उगीच वाटून जातं.

पहिल्या पिढीच्या गाड्या आज इतक्या कमी दिसतात त्याचं कारण इंजिन नव्हे, पत्राच.

त्या काळात ही गाडी मुंबई-पुण्यात घेता आली असती का?

शोरूममध्ये जाऊन, नाही. परदेशी गाड्यांना दार बंद होतं. सिव्हिक जपानमध्ये विकायला आली तेव्हा कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून फियाटच्या जुन्या ११०० ची आवृत्ती निघत होती, जी पुढे पद्मिनी या नावाने घराघरांत पोचली. तिचं १०८९ सीसीचं इंजिन ४० च्या आसपास हॉर्सपॉवर द्यायचं, ओढ मागच्या चाकांना, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. सिव्हिकपेक्षा अर्ध्या मीटरने लांब आणि कितीतरी जड. पद्मिनीची टिंगल करायचा हेतू नाही, काळी-पिवळी होऊन तिने मुंबई २०२३ पर्यंत वाहिली. पण दोन्ही गाड्या एकाच वेळी नव्याकोऱ्या विकल्या जात होत्या हे लक्षात आलं की बंद दाराची किंमत कळते.

होंडाचं नाव आपल्या रस्त्यांवर रुळलं ते १९८४ मध्ये, कायनेटिक होंडा स्कूटरमुळे. कंपनीची पहिली इथली मोटार, सिटी, १९९८ ची.

सोइचिरो होंडा सिव्हिकच्या यशानंतर लगेच निवृत्त का झाले?

सीव्हीसीसीचं काम चालू असताना ते म्हणाले होते की अमेरिकेतल्या तिन्ही बड्यांना गाठायची ही सुवर्णसंधी आहे. त्यावर तरुण इंजिनिअरांनी तोंडावर सांगितलं की आम्ही हे कोणाला हरवायला करत नाही, लोकांना स्वच्छ हवा मिळावी म्हणून करतोय. होंडांना ते लागलं. आपला विचार जुना झाला, हे त्यांनी स्वतः पुढे कबूल केलं.

ऑक्टोबर १९७३ मध्ये होंडा आणि फुजिसावा दोघांनी एकदम पायउतार व्हायचं ठरवलं. होंडा तेव्हा ६६ वर्षांचे, फुजिसावा ६२. अध्यक्षपद मुलाकडे किंवा पुतण्याकडे गेलं नाही. ते गेलं ४५ वर्षांच्या कियोशी कावाशिमांकडे. त्यांच्यानंतर १९८३ मध्ये त्या खुर्चीवर बसले तादाशी कुमे. हो, तेच, हवेच्या इंजिनाला विरोध करणारे.

ही गाडी प्रत्यक्ष कुठे पाहता येईल?

जपानला जाणं झालं तर तोचिगी प्रांतातल्या मोतेगी इथे होंडाचं स्वतःचं संग्रहालय आहे. तिथल्या संग्रहात पहिली सिव्हिक आहे आणि १३०० सुद्धा. मांडणी अधूनमधून बदलते, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी बाहेर असतील याची खात्री नाही. असल्या, तर आधी १३०० पाहा आणि मग सिव्हिकपाशी जाऊन तिचा रेडिएटर शोधा.